मोटारसायकलचे टायर निवडताना : गिरीज ते जव्हार, जव्हार ते लेह

आमच्या गिरीज गावात दुचाकी ही पूर्वी कामाची वस्तू होती. वाडीतला भाजीपाला, केळीचे लोंगर, दुधाचे कॅन आणि शाळेत जाणारी मुले तीच वाहून नेत असे. गेल्या काही वर्षांत वसई–विरार पट्ट्यातल्या अंगणांत निराळ्या गाड्या उभ्या दिसू लागल्या आहेत. उंच, लांब दांड्याच्या, पुढे मोठे चाक आणि मागे लोखंडी पेट्या लावायला चौकट. त्यांना 'अ‍ॅडव्हेंचर टूरर' म्हणतात. 2016 साली रॉयल एनफील्डची हिमालयन आली, 2019 मध्ये हिरोची एक्सपल्स 200, आणि 2020 मध्ये चाकणला बनणारी केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचर. साध्या नोकरदारालाही लडाखचे स्वप्न हप्त्यांवर मिळू लागले.

गाडी घेणारा इंजिनाचे आकडे तोंडपाठ करतो, पेट्या आणि दिवे निवडण्यात महिनोन्‌महिने घालवतो. पण टायर बदलायची वेळ आली की दुकानात पाच मिनिटांत निर्णय होतो. "मोठ्या नक्षीचा द्या, डोंगरात जायचंय." मीही असेच म्हटले होते, आणि त्याची किंमत माझ्या पत्नीच्या मनगटाने मोजली. तो प्रसंग पुढे सांगेन. आधी टायर नेमके काय करतो ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय निवडीला अर्थ नाही.

तळहाताएवढी जागा

हवेच्या टायरची कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन याची. त्याने 1845 मध्येच तिचे पेटंट घेतले होते, पण तेव्हा ना तसे वाहन होते ना स्वस्त रबर. 1888 मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना पुन्हा शोधली आणि ती जगभर गेली. त्याआधी 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरने गंधकाबरोबर रबर तापवून ते टिकाऊ करण्याची रीत शोधली नसती, तर दोघांचीही कल्पना उन्हात वितळली असती. आपल्याकडे भांडुपचा सिएटचा कारखाना रेल्वेने जाणाऱ्या प्रत्येक मुंबईकराला ठाऊक आहे. हे नाव मूळचे इटलीतल्या तुरीन शहरातले, आणि कंपनी मुंबईत सुरू झाली 1958 साली.

गाडीचे वजन टायरचे रबर उचलत नाही. ते मुख्यतः आतली दाबलेली हवा उचलते. त्यामुळे टायर जमिनीला किती टेकतो, याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. गाडी दोनशे किलो, स्वार पंचाहत्तर, सामान पंचवीस, म्हणजे एकूण तीनशे किलो. त्यातले सुमारे 170 किलो मागच्या चाकावर येतात असे धरू. टायरमध्ये 32 पीएसआय हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. 170 ला सव्वादोनने भागले की उत्तर येते सुमारे 75 चौरस सेंटिमीटर. टायरच्या भिंतींचा ताठपणा थोडे वजन पेलतो, त्यामुळे खरा आकडा थोडा वेगळा असेल. पण मोठ्या माणसाच्या तळहातापेक्षा ही जागा फार मोठी नाही. पुढच्या चाकाखाली ती आणखी लहान. ब्रेक, वळण, वेग, मागे बसलेले माणूस, सगळे या दोन लहान तुकड्यांच्या भरवशावर चालते.

आता नक्षीकडे पाहू. टायरवरच्या उंच भागाला ठोकळे म्हणू आणि मधल्या खोलगट भागाला सऱ्या. वरच्या हिशेबातली जागा सऱ्यांसकट आहे. रस्त्याच्या टायरमध्ये सऱ्या कमी, म्हणजे त्या जागेत प्रत्यक्ष रबर जास्त. ज्याला आपल्याकडे पंक्चरवाले 'बटन टायर' म्हणतात, त्यात सुटे सुटे उंच ठोकळे आणि भरपूर मोकळी जागा. डांबरावर त्याचे बरेचसे क्षेत्र हवेत असते.

रबर पकड दोन प्रकारे घेते. एक म्हणजे ते पृष्ठभागाला सूक्ष्म पातळीवर चिकटते. दुसरे म्हणजे खडीच्या टोकांभोवती ते दबते, आकार घेते आणि पुन्हा सुटताना शक्ती खाते. ओल्या रस्त्यावर पाण्याचा पातळ थर चिकटणे कमी करतो आणि भिस्त दुसऱ्या प्रकारावर येते. म्हणून ओल्यासाठी मऊ, सिलिका मिसळलेले रबर चांगले, आणि जास्त किलोमीटर टिकण्यासाठी कडक रबर चांगले. या दोन्ही गोष्टी एकाच टायरमध्ये पूर्णपणे मिळत नाहीत. काही टायरांत म्हणूनच मधला पट्टा कडक आणि कडा मऊ असतात.

माती, चिखल आणि वाळू यांत गणित उलटे होते. तिथे पकड रबराच्या चिकटण्यातून येत नाही, ठोकळा जमिनीत रुतण्यातून येते. बैलाच्या खुरासारखे ते काम आहे. सऱ्या अरुंद असतील तर चिखल त्यांत भरतो, टायर गुळगुळीत लोळ्यासारखा होतो आणि मग चाक नुसते फिरते. रुंद सऱ्यांमधून चिखल फिरताना फेकला जातो.

यातून मुख्य गोष्ट निघते. एका पृष्ठभागावर जो गुण, तोच दुसऱ्यावर दोष. 'सगळीकडे चालणारा' टायर हा सगळीकडे थोडा थोडा तडजोड केलेला टायर असतो.

टक्क्यांची भाषा

बाजारात या टायरांची ओळख टक्क्यांत सांगतात: 90/10, 70/30, 50/50. पहिला आकडा रस्त्याचा, दुसरा मातीचा. ऐकायला हे मोजमाप वाटते, पण त्यामागे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. प्रत्येक उत्पादक आपल्या अंदाजाने आकडा लावतो. एकाचा 70/30 दुसऱ्याच्या 50/50 सारखा असू शकतो. शिवाय त्यात पावसाचा उल्लेख नसतो. रस्ता म्हणजे कोरडा रस्ता असेच गृहीत. जिथे वर्षातले चार महिने रस्ता ओला असतो, तिथे हा अपुरा सल्ला आहे.

त्यापेक्षा टायरच्या अंगावर छापलेले वाचावे. ते कायद्याने आणि प्रमाणाने बांधलेले असते. हिमालयनच्या जुन्या 411 सीसी गाडीच्या पुढच्या चाकाचे उदाहरण घेऊ: 90/90-21 54S. पहिला 90 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा 90 म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या नव्वद टक्के, म्हणजे 81 मिलिमीटर. 21 हा रिमचा व्यास इंचांत. 54 हा भाराचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ 212 किलो. S म्हणजे ताशी 180 किलोमीटरपर्यंत. मागचा 120/90-17, म्हणजे त्याची भिंत 108 मिलिमीटर उंच. वसई–नालासोपाऱ्याच्या खड्ड्यांत रिम वाचवते ती हीच भिंत. म्हणून दिसायला रुबाबदार पण बुटक्या भिंतीचा टायर आपल्या रस्त्यांसाठी चुकीचा.

वेगाच्या अक्षरावर सगळे लक्ष देतात. भाराच्या आकड्यावर कोणी देत नाही. खरे तर उलटे हवे. ताशी 180 ने कोण जाणार आहे? पण मागे जोडीदार, दोन पेट्या, तंबू आणि पेट्रोलचा डबा घेऊन मागच्या चाकावर किती भार येतो, ते मोजले तर चकित व्हायला होते. कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा कमी भाराचा टायर कधीही घेऊ नये.

एका लंबगोलात छापलेले शेवटचे चार आकडे टायरचे वय सांगतात. 2323 असेल तर 2023 सालचा तेविसावा आठवडा. दुकानात पडून राहिलेला टायर नवा दिसला तरी रबर हवेने, उन्हाने आणि ओझोनने कडक होत जाते. खाली वाकून हे आकडे वाचायला लाजू नये. रंगाने 'नवा' असलेला चार वर्षांचा टायर सवलतीत मिळाला, तर ती सवलत नव्हे.

नक्षी किती झिजली की टायर बदलावा, याची कायदेशीर मर्यादा केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. दुचाकीसाठी किमान खोली 0.8 मिलिमीटर. पण ही शेवटची पायरी आहे. पावसाळ्यात त्याच्या बऱ्याच आधी, दोन मिलिमीटरच्या आसपास टायर बदलावा असे मी आता मानतो, कारण पाणी बाहेर टाकायला सऱ्यांना खोली लागते.

जुलैमधला तो दिवस

आता तो प्रसंग. लेहला जायचे ठरले होते, सप्टेंबरमध्ये. मी जून महिन्यातच दोन्ही चाकांना बटन टायर घातले. सवय व्हावी हा हेतू. जुलैच्या एका रविवारी आम्ही दोघे जव्हारला निघालो. गिरीजहून वसई फाटा, तिथून महामार्गाने मनोर, मग विक्रमगडवरून जव्हार, असा सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता. जव्हारच्या पुढे एका पाड्याकडे जाणाऱ्या मुरमाच्या रस्त्यावर टायरांनी जे काम केले ते पाहून मी खूश होतो. ओल्या लाल मातीत गाडी जराही हलली नाही.

परतताना महामार्गावर रिमझिम सुरू झाली. वेग पन्नासच्या आसपास. पुढच्या टेम्पोने अचानक वेग कमी केला, मी नेहमीसारखा ब्रेक दाबला. चाक नेमके पुलाच्या सांध्यावरच्या लोखंडी पट्टीवर होते. पुढचा टायर सरकला आणि आम्ही दोघे रस्त्यावर. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने वेळेत ट्रक थांबवला म्हणून हा लेख लिहितो आहे. पत्नीच्या डाव्या मनगटाचे हाड मोडले. सप्टेंबर तसाच गेला.

मी बराच काळ पावसाला, टेम्पोला आणि पट्टीला दोष दिला. मग एकदा कागदावर हिशेब मांडला. त्या दिवशीच्या दोनशेहून अधिक किलोमीटरपैकी मातीचा रस्ता किती होता? सहा किलोमीटर. सहा किलोमीटरसाठी मी उरलेल्या सगळ्या ओल्या डांबरावर आणि काँक्रीटवर कमी रबर टेकवून फिरत होतो, तेही मागे माणूस बसवून. ओले लोखंड कुठल्याही टायरला धोक्याचेच. पण उंच ठोकळे ब्रेक मारताना वाकतात, त्यांच्या कडाच तेवढ्या टेकतात, आणि सुटण्यापूर्वीची सूचना फार थोडी मिळते. चूक टायरची नव्हती. ज्या कामासाठी तो बनला ते काम त्याने सकाळी चोख केले होते.

वहीतला हिशेब

तेव्हापासून कोणी विचारले की मी आधी त्याला मागच्या हजार किलोमीटरचा हिशेब लिहायला सांगतो. स्टेशन, कार्यालय, बाजार किती; महामार्ग किती; घाट किती; माती किती; आणि यातले पावसात किती. वसई पट्ट्यातल्या बहुतेकांचे उत्तर एकसारखे येते. शंभरातले नव्वदहून जास्त किलोमीटर पक्क्या रस्त्याचे. त्यांच्यासाठी रस्त्याकडे झुकलेला, मध्यम सऱ्यांचा टायर योग्य. कारखान्यातून येणारे बरेचसे टायर याच जातीचे असतात. लेहचा रस्ताही आज बहुतांश डांबरी आहे. सीमा रस्ते संघटनेने खारदुंग ला आणि त्याहून उंच उमलिंग लापर्यंत मोटार जाईल असे रस्ते नेले आहेत. नाल्यांचे पाणी आणि कच्चे तुकडे लागतात, पण त्यांतून सावकाश, शहाणपणाने गेले तर मध्यम टायर निभावून नेतो.

ज्याला मोखाडा, खोडाळा, सूर्यमाळच्या बाजूला दर आठवड्याला कच्च्या वाटांनी जायचे आहे, किंवा स्पितीत मुक्काम ठोकून आडवाटा धुंडाळायच्या आहेत, त्याने 50/50 घ्यावा आणि पावसात डांबरावर वेग कमी ठेवायची शिस्तही सोबत घ्यावी. बटन टायर ज्याला खरोखर चिखलात खेळायचे आहे त्याच्यासाठी. तो घालून रोज वसई फाट्यापर्यंत जाणे म्हणजे गमबूट घालून लग्नाला जाणे. शिवाय उघडे ठोकळे काँक्रीटवर झपाट्याने झिजतात, म्हणजे पैसेही जातात.

दोन चाकांना वेगळे टायर चालतील का, असा प्रश्न नेहमी येतो. मागचा टायर ओढ सोसतो, म्हणून तो आधी झिजतो आणि एकटाच बदलावा लागतो. त्यात गैर काही नाही, मात्र शक्यतो त्याच जोडीतला घ्यावा. मागचे चाक घसरले तर बहुधा गाडी सावरता येते. पुढचे घसरले तर क्वचितच. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर पुढच्या टायरवर वाचवू नयेत. एका चाकाला रेडियल आणि दुसऱ्याला साधा तिरप्या धाग्यांचा टायर, अशी सरमिसळ उत्पादकाने मान्य केली असेल तरच करावी. जास्त रुंद टायर घालायचा मोहही टाळावा. अरुंद रिमवर तो चिमटीत धरल्यासारखा होतो, त्याची गोलाई बदलते, वळणात गाडी अडखळते आणि कधी साखळीला घासतो. चाकाचा घेर बदलला तर वेगदर्शक चुकतो आणि एबीएसची गणितेही बिघडतात.

ट्यूब की ट्यूबलेस

जुन्या हिमालयनला तारांची चाके आणि आत ट्यूब; 390 अ‍ॅडव्हेंचर पहिल्यांदा आली तेव्हा तिला ओतीव चाके आणि ट्यूबलेस टायर. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तरी हवा सावकाश जाते आणि चाक न काढता बाहेरून रबरी दोरी भरून पंक्चर काढता येते. महामार्गावर हा मोठा दिलासा आहे. ट्यूब फुटली तर हवा झपकन जाते, आणि ताशी ऐंशीला ते भयंकर असते. पण दगडावर आपटून ओतीव रिम तडकली तर रानात उपाय नाही. तारांचे चाक वाकते, ठोकून सरळ होते आणि ट्यूब घालून घरी आणता येते.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, खारी हवा. समुद्र गिरीजपासून हाकेच्या अंतरावर. तारांवर आणि रिमच्या आतल्या कडेवर गंज लवकर चढतो. गंजलेली तार आतून ट्यूब टोचते आणि गंजलेल्या कडेवर ट्यूबलेस टायर नीट बसत नाही. टायर बदलताना रिमची आतली बाजू घासून, पुसून घ्यावी आणि तारांवरची रबरी पट्टी नवी घालावी. तिचा खर्च किरकोळ असतो.

ट्यूबवाल्या गाडीने लांब जाताना दोन्ही मापांच्या ट्यूब जवळ ठेवाव्यात. खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे 17 किंवा 18 इंची मिळेल, 21 इंची मिळेलच असे नाही. एकच न्यायची असेल तर 21 इंची न्यावी. ती अडचणीत दुमडून मागच्या चाकात तात्पुरती बसवता येते. लहान ट्यूब मोठ्या चाकात तशी चालत नाही. आणि ट्यूब जवळ असून उपयोग नाही, जर अंगणात एकदा तरी स्वतःच्या हाताने टायर उतरवून पाहिला नसेल.

हवा

उत्तम टायर चुकीच्या हवेने वाया जातो. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना मोजावी. किती ठेवायची ते गाडीच्या पुस्तिकेत असते, आणि मागे माणूस बसला की मागच्या चाकाचा आकडा वाढतो. कच्च्या रस्त्यावर पाच-सहा पीएसआय कमी केली तर टेकलेली जागा वाढते. आपल्याच हिशेबात 32 ऐवजी 26 धरले तर 75 चौरस सेंटिमीटरचे सुमारे 93 होतात. पण ट्यूबवाल्या टायरमध्ये हवा फार कमी केली तर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटून फाटते, किंवा टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह उपटला जातो. आणि डांबर लागताच हवा परत भरलीच पाहिजे. म्हणून छोटा पंप ही चैन नाही.

लेहला जाताना हवा कमी करावी की वाढवावी, यावर चहाच्या टपरीवर हमखास वाद होतो. त्याचे उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. मापक आतल्या आणि बाहेरच्या हवेतला फरक दाखवते. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर, तिथे बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन तृतीयांश. म्हणून वसईत भरलेले 32 तिथे पाचेक पीएसआयने वाढलेले दिसतील. पण वसईतली तीस अंशांची उष्मा आणि तिथली पहाटेची शून्य अंशांची थंडी यांमुळे आतली हवा आकसते, आणि ही घट साडेचार पीएसआयच्या जवळपास भरते. दोन्ही परिणाम जवळजवळ एकमेकांना खातात. दुपारी ऊन चढले की मात्र आकडा वर जातो. म्हणून वादापेक्षा खिशातले मापक बरे. रोज सकाळी मोजायचे आणि पुस्तिकेतल्या आकड्यावर आणायचे.

नवा टायर घातल्यावर पहिले शे-दीडशे किलोमीटर जपून चालवावे. त्याचा पृष्ठभाग साच्यातून आल्याने गुळगुळीत असतो. बाणाची दिशा चाकाच्या फिरण्याशी जुळते का, ते दुकानातच पाहून घ्यावे. उलटा बसवलेला टायर मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे.

या सगळ्यातून नियम एकच उरतो. टायर वर्षातल्या सर्वांत मोठ्या सहलीसाठी निवडू नये. ज्या रस्त्यावर आपण वर्षभर जातो त्यासाठी निवडावा, आणि त्यातही त्या रस्त्याच्या सर्वांत वाईट दिवसासाठी. आमच्यासाठी तो दिवस जुलैतला, ओल्या काँक्रीटवरचा, मागे घरचे माणूस बसलेला असा असतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही लेहला गेलो, मध्यम सऱ्यांच्या टायरांवर. दोन ठिकाणी नाल्यात मला पाय टेकावे लागले आणि एकदा पत्नी उतरून चालत पलीकडे गेली. तेवढी गैरसोय झाली. पालघर जिल्ह्याची हद्द लागली तेव्हा पाऊस होता, आणि पुलांच्या लोखंडी पट्ट्या एकेक करून मागे पडत गेल्या.